मोटरसायकल टूरिंगसाठी हलकी रेनपँट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेनपँट म्हणजे इथे रायडिंग पँटवरून चढवायची आणि पाऊस थांबला की काढून गुंडाळून ठेवायची पातळ वॉटरप्रूफ पँट. दुकानात तिची निवड लेबलवरच्या आकड्यांवरून होते. रस्त्यावर मात्र ती दोनच गोष्टींवर पास किंवा नापास होते, आसनाची (पँटचे दोन्ही पाय मिळतात त्या भागाची) शिवण आणि अंगावर चढवायला लागणारा वेळ. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच दोन ठिकाणी येतात.

माझी रायडिंग पँट मुळातच वॉटरप्रूफ आहे. तरी वरून आणखी एक हवी का?

तिच्यातला वॉटरप्रूफ पडदा कुठे आहे ते आधी पाहा. लॅमिनेटेड पँटमध्ये तो बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो. तिच्यावर रेनपँटची गरज क्वचितच पडते, दिवसभर झोडपणारा पाऊस असला तर. पण बऱ्याच पँटमध्ये हा पडदा अस्तर म्हणून आत सुटा असतो. पाय कोरडे राहतात हे खरं, पण बाहेरचं जाड कापड, खिसे, गुडघ्याचे पॅड सगळं पाणी पितं. पँट जड होते. वाऱ्याने त्या पाण्याची सतत वाफ होत राहते आणि आतून कोरडे असूनही पाय गारठतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओली पँट पुन्हा चढवावी लागते. अस्तर काढून सामानात ठेवलं असेल तर आणखी गंमत, कारण ते लावायला आधी पँट उतरवावी लागते, तीही रस्त्याच्या कडेला.

जाळीची पँट, लेदर किंवा रायडिंग जीन्स वापरत असाल तर रेनपँट हवीच.

५,०००, १०,०००, २०,००० मिमी या आकड्यांचा अर्थ काय? किती पुरे?

हा आकडा पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतो. कापडाच्या तुकड्याच्या एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला थेंब दिसू लागले की तो दाब नोंदवतात. १०,००० मिमी म्हणजे १० मीटर पाण्याचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो.

आता गाडीवर खरोखर किती दाब येतो? ताशी १०० किमी वेगाने जाताना समोरच्या वाऱ्याचा दाब जेमतेम ५० मिमी पाण्याइतका भरतो. थेंब आपटतो तेव्हा त्याहून खूप जास्त दाब येतो, पण तो क्षणभरच. टिकून राहणारा दाब असतो तो बसण्याचा. समजा, सीटवर तुमचं ६० किलो वजन ८०० चौरस सेंटिमीटरवर पसरलंय. सरासरी दाब झाला ७५० मिमी. बैठकीच्या हाडांखाली तो याच्या काही पट होतो, खाली सीटवर पाणी साचलेलं असतं आणि वर तासन्‌तास घर्षण चालू असतं. तरीही हिशेब काही हजारांतच राहतो. पावसाळी कामाच्या कपड्यांसाठी युरोपात ईएन ३४३ हे मानक आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत पाणी अडवण्याचा सर्वांत वरचा, चौथा वर्ग मिळायला २०,००० पास्कल लागतात, म्हणजे सुमारे २,००० मिमी.

तेव्हा ५,००० मिमीची कोरी पँट सहज तग धरते. १०,००० ची घ्यावी, पण ती झिजेची तजवीज म्हणून. २०,००० आणि त्यापुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. हे आकडे नव्या, सपाट, बिनशिवणीच्या तुकड्याचे असतात, आणि अंगात घालायची असते ती शिवलेली पँट.

मग पाणी शिरतं कुठून?

बहुतेक वेळा आसनातून. गाडीवर बसल्यावर मांड्यांच्या मध्ये आपोआप एक खळगा तयार होतो. जॅकेटवरून ओघळणारं पाणी त्यात उतरतं, टाकीवरचं पाणी उतारावरून सीटकडे येतं आणि त्याच खळग्यात साठतं. नेमक्या त्याच जागी पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतल्या बाजूच्या शिवणी एकमेकींना छेदतात. शिवणींवर आतून लावलेली सीलिंग टेप तिथे थरावर थर येऊन जाड आणि ताठ होते. चालताना, चढताना, पाय टाकताना सर्वांत जास्त ताणही तिथेच बसतो. त्यामुळे टेप सुटायची सुरुवात इथूनच होते.

घ्यायच्या आधी पँट उलटी करून पाहा. सगळ्या शिवणींवर टेप आहे की फक्त ‘महत्त्वाच्या’ शिवणींवर? दुसऱ्या प्रकारची पँट गाडीसाठी सोडून द्या. चार शिवणी एका बिंदूत येण्याऐवजी आसनात चौकोनी किंवा पाचरीच्या आकाराचा वेगळा तुकडा बसवलेला असेल, तर शिवणी खळग्यापासून दूर सरकतात आणि मांडी टाकायलाही मोकळीक मिळते. त्याहून चांगली रचना म्हणजे बसायचा सगळा भाग एकाच सलग तुकड्याचा. अशा पँट फार नसतात, पण दिसली तर बाकीच्या दोन-चार उणिवा माफ कराव्यात.

पुढे झिप नसलेली पँट उत्तम. असलीच तर तिच्यामागे वॉटरप्रूफ कापडाची बंद घडी हवी. नुसती वर झाकायची पट्टी पुरत नाही, कारण पाणी उभ्या माणसावर पडतं तसं वरून येत नाही, साचून दाबाखाली येतं.

दुसरी वाट कमरेची. पुढे वाकून बसलं की जॅकेट मागून वर जातं आणि पँट खाली सरकते. मागचा कमरपट्टा पुढच्यापेक्षा चांगला वर असायला हवा. खांद्यावरून पट्टे असलेली, छातीपर्यंत येणारी पँट हा प्रश्न कायमचा मिटवते, फक्त ती उन्हाळी पावसात उकडते आणि लघवीला जाताना छळते.

तिसरी वाट पायाशी. आतल्या जीन्सची कड रेनपँटच्या खाली अर्धा इंच जरी डोकावली, तरी दिव्याच्या वातीसारखं पाणी पोटरीपर्यंत चढतं. लोक पँट गळते म्हणतात त्यातल्या कितीतरी तक्रारी खरं तर या असतात.

आतून ओलं लागतंय ते पावसाचं की घामाचं, कसं ओळखायचं?

जागेवरून. फक्त आसनात किंवा एका शिवणीलगत ओलं असेल आणि ते गार लागत असेल, तर गळती. मांड्या आणि गुडघ्यांच्या मागे सगळीकडे सारखा दमटपणा असेल आणि पँटच्या आतल्या बाजूवर बारीक थेंब धरले असतील, तर घाम.

‘ब्रीदेबल’ पँटसाठी जास्त पैसे द्यावेत का?

किती वेळ अंगात राहणार, त्यावर ठरवा. पडद्यातून घामाची वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या फरकामुळे. आत ऊब आणि दमटपणा, बाहेर गारवा आणि कोरडेपणा असेल तेव्हा ती जोमाने जाते. बाहेरची हवाच गरम आणि दमट असेल तर वाफेला जायला जागा उरत नाही, मग पडदा कितीही महाग असो. त्यातून बाहेरचं कापड भिजून चिंब झालं, तर उरलासुरला मार्गही बुजतो.

लेबलवरचा ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति २४ तास हा आकडा तुलनेला फारसा कामाचा नाही. तो मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीत वेगळा आकडा येतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडून निर्णय घेऊ नका.

गाडी चालवताना पाय ट्रेकिंगइतके राबत नाहीत, ही आपल्या सोयीची गोष्ट. तासाभराच्या सरींसाठी पॉलियुरेथेनचा लेप दिलेली साधी नायलॉन पँट पुरते, ती स्वस्त असते आणि कमी नखरे करते. पण थंड प्रदेशात, सलग काही दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पावसात जायचं असेल तर पडद्याची पँट घ्या. असे पडदे आता अनेक प्रकारचे मिळतात. रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली ताणलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकचा) शोध लावला आणि त्यातूनच पुढे गोर-टेक्स हा प्रसिद्ध पडदा आला. पण गाडीसाठी पडद्याच्या नावापेक्षा शिवणकाम आधी पाहावं, या मताचा मी आहे.

कापड किती पातळ चालेल?

धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. २० डेनियरची पँट मुठीत मावते, पण सीटवरच्या घर्षणाला आणि फूटपेगच्या (पाय ठेवायच्या दांडीच्या) दातांना ती फार काळ पुरी पडत नाही. ४० ते ७० डेनियर हा गाडीसाठी समंजस मध्य. रिपस्टॉप विणीत ठरावीक अंतरावर मजबूत धागे असतात, त्यामुळे फाटलं तरी चीर पुढे धावत नाही.

थरांचं गणित असं: अडीच थरांच्या पँटमध्ये पडद्याच्या आतल्या बाजूवर नुसती छपाई किंवा पातळ लेप असतो. ती हलकी असते, पण आत खरखरीत रायडिंग पँट आणि गुडघ्याचे पॅड घासून हा लेप लवकर झिजतो. तीन थरांमध्ये आत जाळीदार कापड चिकटवलेलं असतं, ते जास्त टिकतं. सुटी जाळी टाचून लावलेली पँट अंगात चढायला सोपी, मात्र बुटाची टाच त्या जाळीत अडकली की चिडचिड ठरलेली.

वजनाचा अंदाज म्हणून, हलकी पँट २०० ते ४०० ग्रॅम, गाडीसाठीच शिवलेली दणकट पँट त्याच्या दुप्पटही. शंभर-दीडशे ग्रॅम वाचवण्यासाठी झिप किंवा आसनाचं दुहेरी कापड सोडू नका. वजन गाडी वाहते, तुम्ही नाही.

ट्रेकिंगची रेनपँट घरात आहेच. तीच चालेल का?

अधूनमधून, हळू वेगात, चालेल. तिचा कट उभ्या माणसासाठी असतो. बसल्यावर ती गुडघ्यावर ताणते, खालून आखूड होते आणि पोटरीशी इतकी सैल असते की वेगात फडफडत राहते. फडफडीने तासाभरात डोकं उठतं, आणि सैल कापड चेन, गिअर लिव्हर किंवा ब्रेक पेडलजवळ लोंबकळणं धोक्याचंच. वापरायचीच असेल तर घोट्याशी आणि गुडघ्याखाली वेल्क्रोचा पट्टा किंवा रुंद इलास्टिक बांधा, टोकं आत खोचा, आणि सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे ते विसरू नका.

पूर्ण लांबीची झिप की फक्त घोट्याशी?

या एका प्रश्नावर पँट वापरली जाणार की डिकीत पडून राहणार, हे ठरतं. सर आली, तुम्ही झाडाखाली किंवा पुलाखाली थांबलात. बूट काढायची सोय नाही, जमीन चिखल, एका पायावर उभं राहून दुसरा पाय घालायचाय. पँट चढवायला पाच मिनिटं लागणार असतील तर माणूस ‘थांबेल पाऊस’ म्हणत पुढे निघतो आणि पंधरा मिनिटांनी पूर्ण भिजतो. भिजल्यावर रेनपँटचा उपयोग फक्त वारा अडवण्यापुरता.

घोट्यापासून कमरेपर्यंत उघडणारी झिप असेल तर पाय घालावाच लागत नाही, पँट गुंडाळून दोन्ही बाजूंनी बंद करायची. वेगात याच्या तोडीचं काही नाही. पण लांब झिप म्हणजे तितकीच लांब संभाव्य गळती, आणि बसल्यावर ती नितंबाजवळ वाकते, ताणते. बहुतेकांना मी गुडघ्याच्या वर, मांडीच्या मध्यापर्यंत जाणारी झिप सुचवेन. तेवढ्यातून जाड टूरिंग बूट सरळ जातो आणि झिप बसण्याच्या भागापर्यंत पोहोचत नाही. नुसती घोट्याशी वीतभर झिप असेल तर ती आखूड बुटांवरच चालते.

झिपचा प्रकारही पाहा. बाहेरून रबरासारखा लेप असलेली झिप पाणी बरंच अडवते, पण ती पूर्ण वॉटरप्रूफ नसते आणि चिखल-वाळूने तिचा लेप सोलवटतो. साधी जाड दातांची झिप, तिच्यामागे पंख्यासारखी उघडणारी वॉटरप्रूफ घडी आणि वर वेल्क्रोची पट्टी ही जुनी रचना टिकाऊ आहे, हातमोज्यांनीही उघडते. झिपच्या टोकाला दोरी नसेल तर स्वतः बांधा.

बूट चिखलाने किंवा रबरी तळव्यामुळे अडकत असेल तर बुटावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय घाला. सर्रकन जातो. पिशवी लगेच काढून परत ठेवा, ती घालून पाय टेकवलात तर घसराल.

माप कसं घ्यायचं? एक साइज मोठी घ्यावी का?

डोळे झाकून मोठी घेऊ नका, रुंदी गरजेपेक्षा वाढते आणि फडफड सुरू होते. पॅडसकट रायडिंग पँट आणि बूट घालून दुकानात जा. रेनपँट चढवा आणि शक्यतो गाडीवर, नाहीतर खुर्चीवर पाय मागे घेऊन बसा. पाहायचं ते असं: खालची कड बुटाच्या वरच्या टोकापेक्षा निदान चार-पाच बोटं खाली राहते का, गुडघ्यावर कापड ताणतं का, पाय उचलून सीटवर टाकताना आसन अडतं का. उभं असताना पँट ६ ते ८ सेंटिमीटर जास्त लांब वाटली तर ती बसल्यावर बरोबर होते. चालताना ती टाचेखाली येऊ नये म्हणून खाली वेल्क्रो हवा, पावलाखालून जाणारं इलास्टिक असेल तर आणखी बरं, पँट वर चढतच नाही.

पँट बुटाच्या आत की बाहेर?

बाहेर. नेहमीच. आत खोचली तर पायावरचं सगळं पाणी बुटात जातं आणि वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही.

सायलेन्सरला लागून पँट वितळली. असं होऊ नये म्हणून काय करावं?

नायलॉन त्याच्या प्रकारानुसार २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिएस्टर २५० ते २६० च्या आसपास. वरचा लेप आणि शिवणीवरची टेप त्याच्या खूप आधी मऊ पडते. इंजिनमधून निघणारा पाइप मात्र कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. म्हणजे पातळ कापडाचा क्षणभराचा स्पर्शही पुरतो, त्यातही सिग्नलला पाय टेकवताना.

गाडीसाठीच केलेल्या चांगल्या पँटमध्ये पोटरीच्या आतल्या बाजूला उष्णतारोधक कापडाचा तुकडा असतो. तो दोन्ही पायांना आहे का पाहा, कारण काही कंपन्या एकाच बाजूला लावतात आणि सगळ्या गाड्यांचे पाइप एकाच बाजूला नसतात. तुकडा नसेल तर पँट घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट आवळून घेणं हाच उपाय. वितळलेलं प्लॅस्टिक पाइपवर चिकटलं तर पाइप पूर्ण थंड होऊ द्या, मग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. स्टीलची पट्टी क्रोमवर कायमचे ओरखडे ठेवते.

पडल्यावर रेनपँट संरक्षण देते का?

नाही. रस्त्यावर घसरताना हे कापड क्षणात फाटतं. मोटरसायकलच्या संरक्षक कपड्यांचं युरोपीय मानक ईएन १७०९२ वेगळं आहे, आणि ज्या पँटवर ते लिहिलेलं नाही तिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. नुसत्या ट्रॅकपँटवर रेनपँट घालून महामार्गावर निघणं याला टूरिंग म्हणत नाहीत.

जॅकेट-पँट एकत्र असलेला सूट जास्त चांगला नाही का?

पाणी अडवण्यात तो सरस आहे, कमरेची वाटच बंद होते. पण रस्त्याच्या कडेला त्यात शिरणं ही कसरत आहे, आणि पाऊस थोडा ओसरला म्हणून फक्त वरचा भाग काढता येत नाही. थंडीत, दिवसभर पावसात, लांब पल्ल्याला सूट घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्या सरींना वेगळी पँट.

रंग कोणता घ्यावा?

काळा मळखाऊ, म्हणून सगळे तोच घेतात. पावसात मागच्या गाडीवाल्याला मात्र तुम्ही दिसायला हवेत. पाय काळे असले तरी पोटरीच्या मागे आणि बाजूला परावर्तक पट्टी असलीच पाहिजे. दोन्ही मिळत असेल तर उजळ रंग घ्या, धुवायचे कष्ट सोसून.

धुवायची कशी? पाणी पूर्वीसारखं घरंगळत नाही, म्हणजे पँट गेली का?

गेलेली नसते. थेंब घरंगळवणारा लेप वेगळा आणि पाणी अडवणारा पडदा वेगळा. वरचा लेप मळाने, तेलाने आणि साबणाच्या अंशाने निकामी होतो, कापड ओलं दिसू लागतं, गार लागतं, पण पाणी आत येतच असेल असं नाही. अनेक कंपन्यांनी आता फ्लोरिनयुक्त लेप सोडले आहेत. नवे लेप पाणी चांगलं झटकतात, तेल मात्र झटकत नाहीत. चेनच्या वंगणाचे शिंतोडे उडणाऱ्या पँटच्या बाबतीत हे महत्त्वाचं, ती जास्त वेळा धुवावी लागते.

झिप आणि वेल्क्रो बंद करून, कोमट पाण्यात, थोड्या द्रवरूप साबणात धुवा. दोन पाण्यांऐवजी तीन पाण्यांतून काढा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, ब्लीचही नको. लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर फिरवली की लेप बऱ्याचदा पुन्हा जागा होतो. त्यानेही जमलं नाही तर फवारायचा नवा लेप मिळतो.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओली पँट पिशवीत दाबून विसरणं. दमट हवेत पॉलियुरेथेन हळूहळू कुजतं, चिकट होतं, आंबूस वास येतो आणि लेप पापुद्र्यांनी सुटतो. ते परत नीट होत नाही. मुक्कामी पोहोचलात की पँट उलटी करून टांगा, टूर संपल्यावर घडी न घालता सैल ठेवा.

निघायच्या आधी घरी तपासता येते का?

येते. आत फिकट सुती पँट घाला, वरून रेनपँट, आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर शॉवरखाली बसा. उभं राहून काही कळत नाही. मांड्यांमधल्या खळग्यात मगाने पाणी ओता आणि दहा-पंधरा मिनिटं हलत, पुढे-मागे सरकत बसून राहा. आतल्या सुती पँटवर ओला डाग कुठे उमटला ते पाहा. गळतीचा नेमका पत्ता मिळतो. पँट नवी असेल तर ती दुकानात परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी करावी.

प्रवासात फाटली तर?

चिरेच्या दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा, चिकट कापडी टेपचा तुकडा कात्रीने गोल कोपरे करून कापा आणि शक्य तर आतून-बाहेरून दोन्हीकडून लावा. टोकदार कोपरे आधी उचलले जातात. शिवणीची टेप सुटली असेल तर ती ओढून काढू नका, घरी आल्यावर शिवणीसाठी मिळणारं सीलर लावून रात्रभर सुकू द्या. टेप जागोजागी सुटू लागली असेल तर मात्र सीलरच्या नळ्यांवर खर्च करण्यात हशील नाही.

मागे बसणाऱ्यालाही अशीच पँट हवी का?

हो, आणि थोडी जास्त लांब. मागच्या फूटपेग उंच असतात, गुडघे जास्त वाकतात, त्यामुळे पँट आणखी वर चढते. पोटरी सायलेन्सरच्या जवळ येते, म्हणून पाय घट्ट आवळणारे पट्टे मागच्याला पुढच्यापेक्षा जास्त गरजेचे. सीट पुढच्या माणसाकडे उतरती असेल तर दोघांच्या मध्ये पाणी साचतं. ओल्या सीटवर गुळगुळीत नायलॉन घसरतं, तेव्हा बसायच्या भागाला खरखरीत कापड असलेली पँट मिळाली तर आधी ती मागच्याला द्या.